महिला क्लब रग्बी: लीगची रचना, इतिहास आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

या घटकात आपण महिलांच्या क्लब रग्बीचा अभ्यास करणार आहोत. क्रीडा इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी, असा एक समज आहे. पण कोणता खेळ कोणाला, कोणत्या मैदानावर आणि कोणत्या अटींवर खेळता आला, हा प्रश्न समाजाच्या इतिहासाचाच आहे. वेतन, सुट्टी, शिक्षण, प्रवास, घरची परवानगी या साऱ्या गोष्टी मैदानाच्या रेषेपर्यंत येऊन पोहोचतात.

सुरुवातीला दोन घटना शेजारी ठेवून पाहू. जून २०१९ मध्ये फिलिपिन्समधील मनिला येथे भारताच्या महिला संघाने सिंगापूरचा २१-१९ असा पराभव केला. पंधरा खेळाडूंच्या रग्बीतील भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता. संघाची कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा होती. त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ते २९ जून २०२५ या काळात, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग ही सहा संघांची स्पर्धा प्रथमच झाली. ती सात खेळाडूंच्या रग्बीची होती आणि पहिल्या हंगामातील सर्व संघ पुरुषांचे होते.

आंतरराष्ट्रीय विजय आधी आला, पण लीग आली ती पुरुषांची. असे का घडले? एखाद्या पदाधिकाऱ्याचा निर्णय एवढेच त्याचे उत्तर देता येणार नाही. लीग कशावर उभी राहते, क्लब कसे तयार होतात आणि खेळताना बुडणारा दिवस कोण भरून देतो, हे समजून घेतले तरच उत्तर सापडते. त्यासाठी आपण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि महाराष्ट्र असा प्रवास करू.

१. 'लीग' या शब्दाचे दोन अर्थ

विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. 'लीग' या शब्दाचा पहिला अर्थ स्पर्धेची पद्धत असा आहे. मराठीत आपण तिला साखळी स्पर्धा म्हणतो. इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा फुटबॉल क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग सुरू केली. ठरलेल्या तारखांना प्रत्येक क्लबने इतर सर्व क्लबांशी खेळायचे, ही कल्पना तेथून जगभर पसरली.

दुसरा अर्थ खेळाच्या प्रकाराचा आहे. रग्बीचे दोन मोठे प्रकार आहेत: रग्बी युनियन आणि रग्बी लीग. युनियनमध्ये पंधरा खेळाडू असतात. तिचेच सात खेळाडूंचे छोटे रूप म्हणजे सेव्हन्स. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये खेळले जाते ते हेच सेव्हन्स. रग्बी लीगमध्ये तेरा खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने धरून रोखले की खेळ क्षणभर थांबतो, तो खेळाडू उभा राहून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि पुढचा डाव सुरू होतो. असे सहा वेळा रोखले गेले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. कबड्डीतील पकड पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा प्रकार लवकर समजतो. शरीर कुठे धरायचे, पाय कुठे रोवायचे आणि तिघांनी मिळून एकाला कसे थोपवायचे, हे प्रश्न दोन्ही खेळांत सारखेच आहेत.

भारतात खेळला जातो तो प्रामुख्याने युनियनचा प्रकार. पण महिलांच्या क्लब स्पर्धेचा इतिहास समजून घेण्यासाठी तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. हा खेळ जन्मालाच आला तो मजुरीच्या प्रश्नातून.

२. बाद पद्धत आणि साखळी पद्धत: एक सोपे गणित

इतिहासाकडे वळण्यापूर्वी स्पर्धेच्या दोन पद्धतींमधला फरक आकड्यांत पाहू. आठ संघांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली, तर एकूण सात सामने होतात. चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. तीच स्पर्धा एकेरी साखळी पद्धतीने घेतली, तर एकूण अठ्ठावीस सामने होतात आणि सर्वांत दुबळ्या संघालाही सात सामने मिळतात.

या फरकाचा परिणाम खोल आहे. बाद पद्धतीची स्पर्धा स्वस्त पडते. दोनतीन दिवसांत ती आटोपते आणि मैदान लवकर मोकळे होते. पण नव्या संघासाठी ती निर्दय ठरते. वर्षभर सराव करून, रात्रीचा प्रवास करून आलेला संघ एका सामन्यात परततो. खेळाडू चुका करून शिकतो, आणि एका सामन्यात चूक दुरुस्त करण्याची संधीच नसते. साखळी पद्धतीत हंगाम असतो. पुढच्या शनिवारी पुन्हा सामना आहे, हे ठाऊक असते. त्यामुळे प्रशिक्षक नेमता येतो, प्रेक्षकांना तारीख सांगता येते, प्रायोजकाला काही दाखवता येते.

म्हणून क्रीडा इतिहासात 'एखाद्या गटाला लीग मिळाली का?' हा प्रश्न 'त्या गटाला पदक मिळाले का?' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो. पदक हे एका दिवसाचे असते. लीग म्हणजे दरवर्षी परत येणारी, खेळाडूच्या आयुष्यात जागा धरणारी व्यवस्था होय.

३. बुडालेली मजुरी: १८९५ ची फूट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी हा खाणकामगार आणि गिरणी कामगारांचा खेळ बनला होता. सामने शनिवारी असत आणि शनिवार हा कामाचाही दिवस होता. सामन्यासाठी कामावरून सुटायचे म्हणजे त्या वेळेची मजुरी गमवायची. उत्तरेतील क्लबांचे म्हणणे होते की ही बुडालेली मजुरी खेळाडूला भरून द्यावी. इंग्लंडची रग्बी संघटना मात्र हौशी खेळाच्या तत्त्वावर अडून बसली. जमीनजुमला किंवा घरचे उत्पन्न असलेल्या खेळाडूला हे तत्त्व परवडत होते. खाणीत उतरणाऱ्याला ते परवडणारे नव्हते.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतील क्लबांनी सभा घेऊन वेगळी संघटना स्थापन केली. पुढे १९०६ साली खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणण्यात आली आणि नियम बदलत गेले. १९२२ पासून ही संघटना रग्बी फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 'खेळणाऱ्याचा बुडालेला दिवस कोण भरून देणार?' या प्रश्नावर ज्या खेळाची उभारणी झाली, त्याच खेळात स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

४. स्त्रियांचा प्रवेश: एक सामना आणि मग शांतता

स्त्रियांना या खेळाची आवड नव्हती किंवा प्रेक्षक मिळत नव्हते, असे कारण पुढे केले जाते. इतिहास याला पुष्टी देत नाही. १७ सप्टेंबर १९२१ रोजी सिडनी येथे महिलांचा रग्बी लीग सामना झाला. तो पाहायला सुमारे २०,००० प्रेक्षक जमले होते. या सामन्यात मॅगी मोलोनी या खेळाडूने चार ट्राय केल्या. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण. एवढा प्रतिसाद मिळूनही या सामन्यातून कायम स्पर्धा उभी राहिली नाही. खेळाची मैदाने आणि संघटना ज्यांच्या ताब्यात होत्या, त्यांनी त्या दिशेने पाऊल टाकले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने होऊ देण्यास बंदी घातली. खेळ वेगळा आणि देश वेगळा असला, तरी पद्धत सारखीच दिसते. स्त्रियांना खेळण्यापासून थेट रोखता आले नाही, तर मैदान नाकारून रोखता येते. मैदान नसेल तर क्लब टिकत नाही आणि क्लब नसेल तर साखळी तयार होत नाही.

इंग्लंडमध्ये महिला रग्बी लीगची स्वतंत्र हौशी संघटना १९८५ साली स्थापन झाली. १९९६ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या महिला संघाने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. २००० साली महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि न्यूझीलंडने ती जिंकली. पुढच्या दोन स्पर्धाही त्यांनीच जिंकल्या. २०१३ पासून विजेतेपद ऑस्ट्रेलियाकडे गेले.

या तारखांचा क्रम नीट पाहा. विश्वचषक २००० साली आला, पण वरच्या दर्जाची क्लब लीग दोन्ही देशांत त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी आली. म्हणजे देशाच्या नावाने खेळण्याची संधी आधी मिळाली आणि आठवड्याला खेळण्याची सोय नंतर. स्त्रियांच्या सांघिक खेळांत हा उलटा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. भारतातही तो दिसेल.

५. दोन लीग, दोन रचना

(अ) इंग्लंड: महिला सुपर लीग. पुरुषांची सुपर लीग १९९६ साली सुरू झाली. महिलांची २०१७ साली. पहिल्या हंगामात चार संघ होते: ब्रॅडफर्ड बुल्स, कॅसलफर्ड टायगर्स, फेदरस्टोन रोव्हर्स आणि थॅटो हीथ क्रुसेडर्स. यातील थॅटो हीथ हा वस्तीतून उभा राहिलेला क्लब होता. पुढच्या वर्षी संघांची संख्या सातवर आणि २०१९ मध्ये आठवर गेली. साखळी सामने, त्यानंतर उपांत्य फेरी आणि शेवटी ग्रँड फायनल, असा सर्वसाधारण आराखडा होता. करोनामुळे २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ पासून इंग्लंडच्या दक्षिण भागासाठी वेगळी विभागीय स्पर्धाही सुरू झाली, कारण हा खेळ मुळात उत्तरेचा आणि दक्षिणेतील संघांना दर आठवड्याला उत्तरेचा प्रवास परवडणारा नव्हता.

(आ) ऑस्ट्रेलिया: राष्ट्रीय महिला लीग. ही स्पर्धा २०१८ साली ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलवारा ड्रॅगन्स आणि न्यूझीलंड वॉरियर्स या चार संघांनी सुरू झाली. प्रत्येक संघाने इतर तिघांशी एकदा खेळायचे आणि पहिल्या दोघांनी अंतिम सामना खेळायचा. म्हणजे सहा साखळी सामने आणि एक अंतिम, असे सारे मिळून सात. हंगाम संपायला महिनाही लागत नसे. पहिली तीन विजेतेपदे ब्रिस्बेनने पटकावली. पुढे संघ सहा झाले, २०२३ मध्ये दहा आणि २०२५ मध्ये बारा. दहा संघांचे एकेरी साखळी सामने पंचेचाळीस, बारा संघांचे सहासष्ट. दुसऱ्या विभागातील सूत्र वापरून हे आकडे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. सात वर्षांत सहा साखळी सामन्यांवरून सहासष्टवर झालेली ही वाढ टप्प्याटप्प्याने केली गेली.

दोन्ही लीगमध्ये एक साम्य आहे. बहुतेक महिला संघ पुरुषांच्या जुन्या क्लबांच्या छत्राखाली आहेत. यामुळे मैदान, व्यायामशाळा, वैद्यकीय मदत आणि ओळखीचे नाव लगेच मिळते. वडिलांच्या किंवा भावाच्या आवडत्या क्लबाची जर्सी मुलगी घालते, तेव्हा प्रेक्षक नव्याने शोधावा लागत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. महिला संघ चालवायचा की नाही, हे पुरुष संघाच्या जमाखर्चावर ठरू शकते. न्यूझीलंड वॉरियर्स हा संस्थापक संघ पहिल्या काही हंगामांनंतर स्पर्धेबाहेर गेला आणि २०२५ मध्ये परतला. मधल्या वर्षांत त्या देशातील खेळाडूंना ऑस्ट्रेलियातील क्लबांत जागा शोधावी लागली.

पैशांचा प्रश्न मात्र लीग सुरू झाल्याने आपोआप सुटला नाही. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये खेळाडूंना मानधन देण्याची सुरुवात लीड्स आणि यॉर्क या क्लबांनी २०२३ च्या हंगामापासून केली. त्यापूर्वी शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी आपली नोकरी आणि अभ्यास सांभाळून खेळत होत्या. ऑस्ट्रेलियात २०२३ साली खेळाडू संघटना आणि लीग यांच्यात झालेल्या सामूहिक करारात महिला खेळाडूंचा प्रथमच समावेश झाला. १८९५ चा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत येथे येऊन पोहोचला.

६. भारतातील रग्बी: क्लब पुरुषांचे, राज्यसंघ महिलांचे

भारतात रग्बी १८७२ च्या सुमारास कोलकात्यात आली. ब्रिटिशांनी स्थापन केलेला कलकत्ता फुटबॉल क्लब काही वर्षांतच बंद पडला. खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्याचा चषक घडवला गेला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात, तो हाच. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेली बॉम्बे जिमखाना ही संस्था या खेळाचे महत्त्वाचे केंद्र राहिली. पुरुषांची अखिल भारतीय स्पर्धा अनेक दशके क्लबांमध्येच खेळली गेली. जिमखाने, सैन्यदलाचे संघ, पुढे कोलकात्याचा जंगल क्रोज यांसारखे वस्तीतील मुलांना घेऊन उभे राहिलेले क्लब, अशी ही परंपरा आहे.

महिलांची सुरुवात वेगळ्या टोकाकडून झाली. २००९ साली भारताचा महिला सेव्हन्स संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१२ मध्ये पुण्यात आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा झाली. पंधरा खेळाडूंचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना जून २०१८ मध्ये सिंगापूर येथे यजमान संघाविरुद्ध झाला; त्यात भारत हरला. एका वर्षात मनिला येथे त्याच सिंगापूरला हरवले. त्या सामन्यात ओडिशाच्या सुमित्रा नायक हिने शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर मिळवलेले गुण निर्णायक ठरले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही भारताचा महिला संघ उतरला होता.

या संघाची घडण पाहण्यासारखी आहे. मुंबई-पुण्याच्या शहरी मुलींबरोबर ओडिशातील आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या निवासी शिक्षणसंस्थेतून आलेल्या खेळाडू आहेत, बिहारमधील छोट्या गावांतून आलेल्या आहेत. बिहारची स्वीटी कुमारी हिला २०१९ मध्ये महिला रग्बीच्या एका आंतरराष्ट्रीय व्यासपीठाने वर्षातील उदयोन्मुख खेळाडू म्हणून निवडले. म्हणजे हा खेळ भारतात जिमखान्याच्या फाटकातून आला असला, तरी महिलांच्या बाबतीत तो फाटकाबाहेरच वाढला.

मात्र या वाढीचा कणा राज्यसंघ हा आहे, क्लब नव्हे. जिल्हा आणि राज्य संघटना संघ निवडते, राज्यसंघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो, तेथून राष्ट्रीय शिबिरासाठी निवड होते. ही रचना प्रतिभा शोधण्यासाठी चांगली आहे. पण राष्ट्रीय स्पर्धा काही दिवसांची असते. निवड न झालेल्या मुलीला त्या वर्षी दर्जेदार सामनाच मिळत नाही. एकोणिसाव्या वर्षी संघाबाहेर राहिलेली खेळाडू क्लबाच्या संघात खेळत राहिली, तर बाविसाव्या वर्षी परत येऊ शकते. क्लबच नसेल तर ती खेळ सोडते, आणि तिने खेळ सोडल्याची नोंद कुठेही होत नाही.

७. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण: महिला कबड्डीची मंडळे

महाराष्ट्रात स्त्रियांच्या क्लब खेळाची परंपराच नाही, असे समजणे चूक ठरेल. ती रग्बीत नाही, कबड्डीत आहे. फक्त तिला आपण क्लब न म्हणता मंडळ म्हणतो.

महिलांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ साली कोलकात्यात झाली. महाराष्ट्रात शिवशक्ती महिला संघ, महात्मा गांधी स्पोर्ट्स अकादमी, राजमाता जिजाऊ क्रीडा प्रबोधिनी, सुवर्णयुग अशा संघांनी महिला कबड्डीत नाव कमावले. यांची रचना अशी: मंडळाची नोंदणी जिल्हा संघटनेकडे होते, जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत मंडळे एकमेकांशी खेळतात, त्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जिल्हे खेळतात, त्यातून राज्याचा संघ तयार होतो. याशिवाय वर्षभर गावोगावी आणि वॉर्डावॉर्डांत निमंत्रित स्पर्धा होतात. त्यांत मंडळे आपल्या नावाने उतरतात. चषक, रोख बक्षीस आणि प्रवासखर्च बहुधा स्थानिक आयोजक देतो.

मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात हा खेळ चाळीच्या अंगणात रुजला. १८९५ च्या यॉर्कशायरमधील खेळाडू आणि गिरणगावातील खेळाडू यांची परिस्थिती बरीच सारखी होती: पाळी, हजेरी आणि कापला जाणारा पगार. पण उत्तर मात्र वेगळे निघाले. इंग्लंडमध्ये क्लबाने बुडालेली मजुरी द्यावी, असे ठरले. आपल्याकडे मालकानेच खेळाडूला नोकरी द्यावी, अशी पद्धत पडली. गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस यांनी आपले संघ ठेवले. महिलांच्या राष्ट्रीय कबड्डीत भारतीय रेल्वेचा संघ दीर्घकाळ बलाढ्य राहिला तो यामुळेच. आजही महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांनी मुलीला मैदानावर जाऊ दिले, त्यामागे या नोकरीचा मोठा वाटा आहे. 'खेळून काय मिळणार?' या प्रश्नाला मुलीकडे ठोस उत्तर होते. पण या व्यवस्थेचाही एक तोटा आहे. चांगली खेळाडू नोकरी लागताच मंडळ सोडून कार्यालयाच्या संघात जाते. तिला घडवणाऱ्या मंडळाला त्याचा मोबदला मिळत नाही. मंडळ पुन्हा शाळकरी मुलींपासून सुरुवात करते. त्यामुळे मंडळे वर्षानुवर्षे घडवण्याचे काम करतात, पण स्वतः मोठी होत नाहीत.

२०१२ साली पाटणा येथे महिलांची पहिली कबड्डी विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने इराणला २५-१९ असे हरवले. या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. राज्य शासनाने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. गौरव मोठा होता. मात्र त्यानंतरही त्यांच्या मंडळांना साखळी हंगाम मिळाला नाही.

८. 'आधी पुरुषांची, मग पाहू'

भारतातील व्यावसायिक लीगच्या तारखा एका ओळीत मांडल्या की एक नमुना दिसतो. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये पुरुषांसाठी सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जोडीने महिलांची एक छोटी स्पर्धा घेण्यात आली. तीनच संघ होते: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. त्यातील आइस दिवाजची कर्णधार अभिलाषा म्हात्रे होती. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. सामना इतका रंगतदार होऊनही पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही.

या स्पर्धेची रचना आपल्या अभ्यासासाठी उद्बोधक आहे. संघांच्या नावांत कोणतेही गाव किंवा शहर नव्हते. पुण्याच्या प्रेक्षकाने आपले म्हणून कोणाला मानायचे, हे ठरत नव्हते. मंडळांशी संघांचा संबंध नव्हता. म्हणून स्पर्धा थांबली तेव्हा मागे काहीच उरले नाही. ऑस्ट्रेलियातील लीगही चारच संघांची आणि सात सामन्यांची होती. पण ते संघ शहरांशी आणि क्लबांशी बांधलेले होते. लहान सुरुवात ही अडचण नव्हती. मूळ नसलेली सुरुवात ही अडचण होती.

खो-खोचेही तसेच. अल्टिमेट खो-खो ही लीग २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडी येथे झाली, ती पुरुषांची. हाच खेळ आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूला वाराणसीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा पुरस्कार देतो. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून विजेतेपद मिळवले. येथेही विश्वचषक आला तेव्हा महिलांची लीग नव्हतीच. जून २०२५ च्या रग्बी लीगनेही हीच परंपरा पुढे चालवली.

याला अपवाद आहेत. महिला फुटबॉलची राष्ट्रीय लीग २०१६-१७ पासून आहे आणि ती क्लबांवर उभी आहे. क्रिकेटमध्ये पुरुषांची आयपीएल २००८ ची, महिलांची प्रीमियर लीग २०२३ ची; पहिला हंगाम पाच संघांचा होता आणि सर्व सामने मुंबई व नवी मुंबईत झाले. हॉकीत जानेवारी २०२५ मध्ये चार संघांची महिला लीग झाली. म्हणजे महिलांची लीग भारतात चालत नाही, हा दावा टिकत नाही.

९. तीन नमुन्यांची तुलना

आतापर्यंतच्या विवेचनातून रचनेचे तीन नमुने समोर येतात. पहिला, छत्राचा नमुना: महिला संघ पुरुषांच्या क्लबाचा भाग असतो. सोय लवकर मिळते, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती राहतो. दुसरा, राज्यसंघाचा नमुना: भारतीय महिला रग्बी. दूरच्या गावातील खेळाडूपर्यंत तो पोहोचतो, पण वर्षाचे बहुतेक महिने रिकामे राहतात. तिसरा, मंडळाचा नमुना: महाराष्ट्राची कबड्डी. मुळे खोल असतात आणि नोकरीची आशा असते, पण स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या किंवा थोड्या दिवसांच्या राहतात.

रग्बीची महिला लीग उभी करायची, तर या तिन्हींतून काही घ्यावे लागेल. खर्चाचा मोठा भाग प्रवासाचा असल्याने सुरुवात विभागीय साखळीने करणे व्यवहार्य ठरते. इंग्लंडने दक्षिणेसाठी वेगळी विभागीय स्पर्धा काढली ती याच कारणाने. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा चार ठिकाणी प्रत्येकी एक संघ धरला, तरी एकेरी साखळीचे सहा सामने होतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या लीगची सुरुवात एवढ्याच साखळी सामन्यांनी झाली होती. पकड आणि पायांचे काम शिकलेल्या मुली कबड्डीच्या मंडळांत आधीच आहेत. प्रश्न उरतो तो १८९५ चाच: शनिवार-रविवारी सामना असेल, तर त्या दिवसाचे काम, वर्ग आणि घरची जबाबदारी यांचा हिशेब कोण करणार? या प्रश्नाला उत्तर न देता काढलेली लीग एका हंगामापुरतीच राहण्याची शक्यता अधिक.

सारांश

रग्बी लीग हा खेळ कामगारांच्या बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. १९२१ मध्ये सिडनीत हजारो प्रेक्षक जमूनही महिलांची स्पर्धा टिकली नाही, कारण मैदान आणि संघटना त्यांच्या हाती नव्हत्या. इंग्लंडमध्ये २०१७ आणि ऑस्ट्रेलियात २०१८ साली चार-चार संघांनी महिलांच्या लीग सुरू झाल्या आणि हळूहळू वाढल्या. भारतीय महिला रग्बी राज्यसंघांच्या बळावर आंतरराष्ट्रीय विजयापर्यंत पोहोचली, पण क्लबांचा पाया अरुंद राहिला. महाराष्ट्रातील महिला कबड्डीकडे हा पाया मंडळांच्या रूपाने आहे. तिला हंगाम मिळालेला नाही. एकीकडे विजय आहेत, दुसरीकडे मंडळे आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच खेळात, एकाच वेळी जुळून येतील तेव्हा लीग टिकेल.

स्वाध्याय

१. 'लीग' या शब्दाचे दोन अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. सहा संघांच्या स्पर्धेत बाद पद्धतीने आणि एकेरी साखळी पद्धतीने किती सामने होतील? नवोदित संघाच्या दृष्टीने दोन्हींची तुलना करा.
३. १८९५ ची रग्बीतील फूट आणि महाराष्ट्रातील खेळाडूंना नोकरी देण्याची पद्धत या एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांसारख्या कशा आहेत, ते लिहा.
४. २०१६ ची महिला कबड्डीची छोटी स्पर्धा आणि २०१८ ची ऑस्ट्रेलियातील महिला लीग यांच्या रचनेतील फरक सांगून त्याचे परिणाम लिहा.
५. तुमच्या गावातील किंवा महाविद्यालयातील एका महिला संघाची माहिती मिळवा. वर्षभरात त्या संघाला किती सामने मिळाले, प्रवासखर्च कोणी केला आणि गेल्या तीन वर्षांत किती खेळाडूंनी खेळ सोडला, याची नोंद करून दोन पानांचा अहवाल तयार करा.